ओंडक्यांची तोंडं

परसातलं तुतीचं झाड पाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा ओंडक्यांमध्ये खुर्ची टाकून बसले होते. पाडायचा हट्ट तिचा, त्यांच्या मुलीचा. मुळं मोरीच्या नळात शिरली होती. बाबांनी वर्षभर टोलवाटोलवी केली आणि शेवटी एका अटीवर मान डोलावली, की खोड चुलीत जाणार नाही, लेथवर जाईल. चाळीस वर्षं त्यांनी लेथवर लाकूड कातून भांडी घडवली होती. आता हात कापत, म्हणून एक काम त्यांनी तिच्यावर सोपवलं. ओंडक्यांच्या कापलेल्या तोंडांना आजच्या आज वितळलेलं मेण फासायचं. नाहीतर ओल तिथून भराभर उडते आणि लाकूड आतपर्यंत तडकतं.

लावते म्हणाली खरी, पण ऑफिसचा फोन आला, तो लांबला, मग इतर कामं निघाली. संध्याकाळी बाबांनी पलंगावरून विचारलं, लावलंस ना?

"हो, केव्हाच."

सकाळी उठल्या उठल्या लावून टाकू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

"शहाणी माझी ती," बाबा म्हणाले. "मला वाटलं, विसरशील."

सकाळी ते उठलेच नाहीत.

त्यानंतर परसाचं दार उघडायची तिला हिंमत झाली नाही. चार महिन्यांनी बाबांचे कारखान्यातले भागीदार, म्हणजे काका, टेम्पो घेऊन आले आणि ओंडके घेऊन गेले. पहिलं भांडं तुझ्यासमोर कातणार, म्हणाले. म्हणून ती कारखान्यात आली.

लेथ फिरू लागला. पटाशीखालून पिवळीधमक सालपटं निघत गेली, आणि मग टकटक असा आवाज आला. काकांनी लेथ थांबवला, बोट ओलं करून लाकडावरून फिरवलं. चीर थेट गाभ्यापर्यंत गेली होती. दुसरा ओंडका लावला, तोही तसाच. मग उरलेल्या ओंडक्यांची धुळीनं माखलेली तोंडं त्यांनी नखानं खरवडून पाहिली.

"मेणच नाही लावलं," काका म्हणाले. "माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आत मला विचारलं होतं तुझ्या बाबानं, ओंडक्यांना मेण लावून आलायस ना? आणि स्वतःच्या झाडाला विसरला."

कोपऱ्यात काम करणारा पॉलिशवाला हसला. म्हातारपण कुणाला चुकलंय, म्हणाला. काका हसले नाहीत. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

"हात गेले होतेच. शेवटी डोकंही गेलं असणार बिचाऱ्याचं."

या कारखान्यात बाबांना कुणी बिचारा म्हणालेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती गप्प राहिली तर कुणी काही विचारणार नव्हतं. उलट काका तिलाच चहा पाजून घरी सोडणार होते. त्यांनी तिसरा ओंडका उचलला.

"काका, थांबा जरा," ती म्हणाली. पॉलिशवाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "बाबा विसरले नव्हते. त्यांनी मला सांगितलं होतं. मी लावलं नाही, आणि लावलं म्हणून सांगितलं."