उलटा पुरलेला संत

माझ्या मुलीने माझं कार्टून केलं, आणि ते अख्ख्या गावाने बिअर पीत पाहिलं.

केंड्रा लॉस एंजेलिसला असते, टीव्हीवरच्या कार्टून मालिकेच्या गोष्टी लिहिते. ऑक्टोबरातल्या त्या बुधवारी तिने एकटीने लिहिलेला पहिला भाग लागणार होता, म्हणून डस्टीने त्याच्या बारमधल्या टीव्हीवरचा फुटबॉल बदलला. आमच्या सल्फर फोर्क गावात यापेक्षा मोठा मान नाही. मी पहिल्या रांगेत बसले. पोरीचं कौतुक ऐकायला गेले होते, अर्ध्या तासात माझेच वाभाडे निघतील हे कुठे ठाऊक होतं!

भाग आमच्यावरच होता. डोंगरातलं गाव, शहरातून येणारे लोक, त्यांच्या ट्रकपेक्षा महाग सायकली, आणि जो तो दुसऱ्याला ओरडून सांगतोय, "काय शांतता आहे हो इथे!" त्यांना घरं विकणारी एक बाई. सोनेरी कोट, फावड्याएवढे दात. ती भिंतीवर हात ठेवते, डोळे मिटते आणि म्हणते, "या घराला तुम्हीच हवे आहात." हे वाक्य माझं आहे. तीस वर्षं त्याच्यावर पोट भरतेय मी.

"व्हर्ना, दात दाखव गं!" डस्टी ओरडला. सगळा बार हसला. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. आमच्या धंद्यात कातडी जाड लागते.

मग कार्टूनमधल्या बाईने एका म्हाताऱ्याला त्याच्या ताटल्यांसकट खोक्यात बसवलं. तो आतून विचारत होता, "हिवाळा संपला की परत यायचंय ना?" बाई म्हणाली, "अर्थात!" आणि वरून टेप ओढली. खर्रर्र.

लोक हसून हसून लोळले. मी हातातला ग्लास खाली ठेवला. टेपचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता, आणि त्याबद्दल मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

एलॉय बाका आमचे शेजारी. जन्म खाणीत गेला, बायको गेल्यावर एकटेच राहायचे, आणि शेवटी शेवटी विसरायला लागले होते. बारा वर्षांपूर्वी मी त्यांच्या मागे लागले. बर्फ फार पडतो, जिना चढवत नाही, प्वेब्लो शहरातल्या वृद्धाश्रमात गरम खोली मिळेल. "हिवाळ्यापुरतं का?" त्यांनी विचारलं. "हिवाळ्यापुरतंच," मी म्हणाले, आणि घर विकायच्या कागदावर सही घेतली.

घर लवकर विकलं जावं म्हणून आम्हा दलालांचा एक तोडगा आहे. संत जोसेफची बोटभर मूर्ती अंगणात पुरायची, डोकं खाली, तोंड घराकडे. घर गेलं की ती काढायची, आणि विकणाऱ्याने आपल्या नव्या घरी मानाने मांडायची. काढली नाही तर तो बिचारा घर विकतच राहतो. एलॉय पक्के कॅथलिक. संताला उलटं टांगून काम करून घेताय, असं म्हणत त्यांनी मला काठी घातली असती. म्हणून मी गुपचूप उरकलं. खड्डा केंड्राने खणला. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. खोकीही तिनेच बांधली, तीन दिवस टेप ओढत होती पोरगी.

एलॉय तिथे तिसऱ्याच महिन्यात वारले. हिवाळा संपायच्या आत.

मूर्ती मी काढली नाही. आधी विसरले. दीड वर्षाने घर पुन्हा विकायला आलं तेव्हा आठवली, आणि तेव्हा मुद्दाम राहू दिली. खोटं कशाला बोलू? दर वेळी अंगणात विक्रीची पाटी माझीच लागत होती. चार कुटुंबं आली नि गेली. निघताना प्रत्येक जण जरा चाचरत एकच गोष्ट सांगायचा. घरात कुणी बोलत नसलं की मागच्या खोलीत खोकी बांधल्याचा आवाज येतो. "जुनी लाकडं आहेत, तडकतात," मी सांगायचे. एकदा रिकाम्या घरात पडदे मोजताना मी स्वतः ऐकला. पडदे तसेच टाकून पळत सुटले होते.

बारच्या मागच्या दाराने बाहेर पडून मी केंड्राला फोन लावला.

"रागावलीस? दात जरा जास्तच झाले, ना?"

"दात गेले खड्ड्यात. तो टेपचा आवाज कुठून आणलास?"

ती म्हणाली, "स्टुडिओतला नाही तो, आई. माझ्या घरातला आहे. मी फोनवर रेकॉर्ड केला."

"म्हणजे?"

"दहा वर्षांत नऊ घरं बदलली मी. तुला काय वाटलं, मला हौस आहे? नवीन जागा घेते, तीन महिने बरे जातात. मग मागच्या खोलीत खर्रर्र. मग मीही खोकी काढते."

"अगं, मग मला बोलली का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, जुनी लाकडं आहेत."

मी बारचं दार ओढून घेतलं, आत लोक अजून हसत होते.

"म्हणून तो आवाज भागात घातला," ती म्हणाली. "म्हटलं, लोक हसले की त्याचा जोर जाईल. आई, आता मला नाही जमत गं. कुठेतरी राहायचंय मला."

आम्ही दोघीही गप्प झालो. आणि त्या शांततेत फोनमधून, तिच्या मागून, मला तो आवाज ऐकू आला. सावकाश, शेवटपर्यंत ओढलेला. माझ्या पोरीच्या घरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन एलॉयच्या घरी गेले. आता तिथे सिॲटलचे प्रेस्टन आणि ओडेट राहतात. दोघं ओटच्या दुधाची कॉफी घेऊन ओसरीवर आले.

"बरं झालं आलात," ओडेट म्हणाली. "आम्ही घर विकायचा विचार करतोय."

"करू नका," मी म्हणाले. तीस वर्षांत हे दोन शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नव्हते.

मी खणायला लागले. जमीन वरून गोठली होती.

"हा इथला सण आहे का?" प्रेस्टनने हळूच विचारलं.

"नाही हो. माझं एक काम राहिलंय."

भला माणूस, कॉफी ठेवून कुदळ घेऊन आला. हातभर खाली मूर्ती सापडली. चेहऱ्याचा रंग मातीने खाल्ला होता. बारा वर्षं डोक्यावर उभा होता तो. माती पुसताना मला रडू कोसळलं, आणि त्या दोघांना काय करावं कळेना.

मूर्ती कुठे न्यायची? आधी वाटलं, एलॉयच्या कबरीवर. गाडी निम्म्या वाटेवर पोचलीही होती. मग थांबवली. विकणाऱ्याने आपल्या घरी न्यायची, असा नियम आहे. घर एलॉयनी कुठे विकलं होतं? त्यांनी नुसती सही केली होती. विकलं मी. मूर्तीबरोबर घरात काय येईल हे मला चांगलं कळत होतं. गाडी वळवली आणि मूर्ती माझ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली. सरळ, डोकं वर.

रविवारी केंड्राचा फोन आला. "आई, तीन दिवस झाले. काहीच नाही! मी पडदे लावले गं. आजवर एकाही घरात लावले नव्हते."

"छान केलंस. कसले आहेत?"

"पिवळे. तुझ्याकडे काय चाललंय?"

"काही नाही. सूप ठेवलंय."

फोन ठेवला. घर शांत झालं. मागच्या खोलीत कुणीतरी टेपचं टोक नखाने शोधलं आणि सावकाश ओढलं. खर्रर्र. मी उठले, टेबलावर दुसरी वाटी मांडली आणि त्या खोलीचं दार उघडलं.

"राहू द्या, एलॉय," मी म्हणाले. "काही बांधायचं नाहीये. या, बसा."