रिकामी परत आलेली कढई

मित्रांनो, मी चुलीची धग सोसून बुडाशी काळी पडलेली एक जुनी पितळी कढई आहे. पाचोडच्या बाजारात आवडाबाईंनी मला घेतलं आणि काठावर घराण्याचं नाव घालून घेतलं. त्यांच्या सोमवारचा शिरा माझ्यातच व्हायचा.

पुढं त्या मुलाकडं शहरात राहायला आल्या. त्यांच्या कॉलनीत देवळामागं भांडी बँक निघाली. कार्याला लागतील ती भांडी न्यायची, घासून परत करायची, म्हणजे प्लास्टिकच्या ताटांचा ढीग पडत नाही. या कामाचे पुढारी राजकुमारभाऊ. ते म्हणाले, "वस्तू एकाची, वापर सगळ्यांचा." आवडाबाईंनी त्याच संध्याकाळी मला नेऊन दिलं. "तांब्याची घागरपण देते नंतर," म्हणाल्या.

मग बारशी काय, भंडारे काय, माझं बूड थंड होत नव्हतं. परत आणताना कोणी मला रिकामी आणत नसे. मूठभर तांदूळ, नाहीतर खडीसाखर असायचीच.

एकदा राजकुमारभाऊंनी मला आपल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला नेलं. जेवण मात्र बाहेरून आलं, तेही प्लास्टिकच्या ताटांत. नंतर त्यांनी माझ्या बुडाला ड्रिलनं भोक पाडलं, माती भरली आणि शोभेचं झाड लावलं. पाहुणे वाहवा करत. त्या कौतुकाची मला लाज वाटे.

इकडं आवडाबाईंच्या सोळा सोमवारांचं उद्यापन आलं. चुरमा माझ्यातच करीन, असं त्या महादेवापुढं बोलल्या होत्या. भांडी सांभाळणारी तनुजा म्हणाली, "काकू, ती राजकुमारकाकांकडंच हाय अजून." आवडाबाई त्यांच्या दारात गेल्या.

"काकू, लई जुनी झाली होती ती. नवी स्टीलची देतो ना."

"तुमच्या शब्दावर दिली होती, भाऊ. चुलीवर चढायला."

त्यांनी झाड उपटलं, माती झटकली आणि मला तशीच रिकामी हातात दिली. भोकावर बोट ठेवून आवडाबाई मला घेऊन निघाल्या.

शहागंजच्या कारागिरानं भोक बुजवलं, पण म्हणाला, "अम्मा, जाळावर नाय टिकायचं हे. दाणे ठेवा आता." उद्यापनाचा चुरमा शेजारच्या भागूबाईंच्या कढईत झाला. ती परत करताना आवडाबाई तिच्यात प्रसाद घालायला विसरल्या नाहीत.

आता आवडाबाईंनी मला भांडी बँकेच्या दाराशी ठेवलं आहे. लोक परतीचे मूठभर दाणे माझ्यात टाकतात. राजकुमारभाऊ देवाला हात जोडून पुढं जातात, माझ्याकडं बघत नाहीत. आवडाबाईंची घागर घरीच राहिली.

मित्रांनो, कोणाची वस्तू न्याल तेव्हा ती कशासाठी दिली आहे, हे ध्यानात ठेवा. परत देताना तिच्यात मूठभर काहीतरी घाला. देणाऱ्याचा हात पुन्हा पुढं यायला हवा ना.