आधी डोकं, मग स्क्रू

दादाचे हेडफोन म्हणजे घरातले लाडके जावई. त्यांना वेगळी पेटी, वेगळी खुंटी, आणि धाकट्या बहिणीने नुसतं पाहिलं तरी म्हणे त्यांना दृष्ट लागायची! पण परवापासून जावयांचं काही ठीक नव्हतं. डोक्यावरचा पट्टा ढिला झाला होता. कितीही वर सरकवा, दोन मिनिटांत सरसर खाली. कान राहायचे वर आणि हेडफोन गालांवर.

आणि नेमकी आज चार वाजता दादाची परीक्षा. स्टुडिओ एक रेकॉर्डिंग पाठवणार, त्यातले दोष त्याने ऐकून लिहायचे. जमलं तर नोकरी.

"दुरुस्तीला तीन आठवडे लागतील म्हणतात," दादा रडवेला झाला होता.

"मी करते," धाकटी चिमणी म्हणाली.

"तू?"

"मागच्या आठवड्यात मिक्सर कोणी चालू केला?"

"त्याचं बटण बंद होतं, चिमणे."

"पण दाबलं कोणी?"

कुणाकडे दुसरे हेडफोन मिळतात का ते बघायला दादा बाहेर पडला.

आई चष्म्याच्या दुकानात कामाला, त्यामुळे बोटभर स्क्रू-ड्रायव्हर घरात होतेच. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आधी डोकं, मग स्क्रू. विसरू नकोस हं."

"डोकंच वापरतेय गं आई!"

चिमणीने पट्ट्याच्या टोकाचा ठोकळा उघडला. पट्ट्याची दांडी त्यातून सरकायची, आणि तिला धरून ठेवणारी मऊ कापडाची टिकली झिजून कागदासारखी झाली होती. दुसऱ्या बाजूलाही तेच. आता नवी टिकली कुठली आणायची? तेवढ्यात एक स्क्रू दादाच्या टेबलाखाली पळाला. तो शोधायला चिमणी रांगत गेली आणि बघते तर काय, खुर्चीच्या पायाखाली अगदी तसलीच टिकली! फरशीवर ओरखडे येऊ नयेत म्हणून चिकटवलेली. देवच पावला! तिने ती खरवडून काढली, दोन इवले तुकडे कापून बसवले, स्क्रू आवळले. मग हेडफोन घालून दहा उड्या मारल्या. केसभरही हलले नाहीत!

पावणेचारला दादा रिकाम्या हाताने परतला, आणि त्याने हेडफोन घातले. ते बसले कानांच्या वर, कानशिलांवर. पट्टा ओढला, तर ढिम्म हलेना.

"कुणाच्या मापाने आवळलेस?"

"माझ्या..."

"तुझं डोकं लिंबाएवढं!"

"तुझं भोपळ्याएवढं, त्यात माझी काय चूक?"

आई दारात येऊन कपाळावर हात मारत म्हणाली, "अगं, आधी डोकं म्हणजे गिऱ्हाइकाचं डोकं! चष्मा आधी त्याच्या डोक्यावर बसवायचा, मग स्क्रू आवळायचा."

चिमणीचा चेहरा खर्रकन उतरला. आपल्या फुशारकीपायी दादाची नोकरी जाणार!

"खाली बस," ती म्हणाली. "मान हलवायची नाही."

दादाही खाली बसला. पाव फेरा सैल, दांडी कानापर्यंत, पाव फेरा घट्ट. मग दुसरी बाजू. दादाने जोरजोरात मान हलवली. हेडफोन जागच्या जागी! तो खोलीत पळाला, आणि चिमणी बाहेर स्वतःचे कान धरून बसली.

तासाभराने स्टुडिओतल्या बाईंचा फोन आला. दादाने तो स्पीकरवर टाकला.

"दोष सात होते. तुम्ही आठ लिहिलेत."

दादा पांढराफटक पडला.

"सात बरोबर आहेत. पण आठवा, 'मधूनमधून लाकडी टक्-टक्'? ती आमच्याकडची नाही."

दादा खुर्चीत चुळबुळला. टक्.

फोनमधून लगेच बाईंचा आवाज आला.

"हीच का?"

"हीच," दादा पुटपुटला. जाळीचे हेडफोन ते, बाहेरचंही सगळं ऐकू येतं!

बाई खो-खो हसत सुटल्या. "खुर्ची दुरुस्त करा आणि सोमवारी कामावर या. असेच कान हवेत आम्हाला."

दादाने फोन ठेवला, वाकून खुर्चीखाली पाहिलं. तीन पायांना टिकल्या, चौथा उघडा.

"चिमणेऽऽ!"

"करते की दुरुस्त!" चिमणी स्क्रू-ड्रायव्हर नाचवत हजर. "पण तू उठू नकोस. आधी गिऱ्हाईक, मग खुर्ची!"