छत्रीचा रोग आणि बाबांचं अमृतरोप

भर दुपारी खिडकीतल्या उन्हात बाबांच्या रोपावर दव चमकत होतं आणि सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. उन्हालाही न जुमानणारं दव म्हणजे अमृतच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"रोगाचं नाव घे," बाबा डोळे मिटून म्हणत आणि पानावर चिमूटभर पांढरं चूर्ण टाकत. उरलेलं पुडीत बांधून देत. मग अर्धा तास प्रवचन. तोवर पानावरचे लाल केस चूर्णावर वाकले, की रोग गेला, औषध बंद. नाही वाकले, तर श्रद्धा कच्ची.

धाकटी रोपवाटिकेत काम करायची. तिच्या ताईच्या मधुमेहासाठी केस वाकले होते. तीन दिवस ताईने इन्शुलिन घेतलं नव्हतं. घशाला कोरड पडलेली, तरी धाकटीलाच दटावत होती, "तुला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायचं असतं."

रोप धाकटीच्या ओळखीचं होतं. तिच्या घरी दवबिंदू नावाच्या याच रोपाच्या सात कुंड्या होत्या. कौतुकाने खत घालून तिने एकदा चार रोपं मारली होती, तेव्हापासून फक्त पावसाचं पाणी. तिने ताईच्या पुडीतलं चूर्ण जिभेला लावून पाहिलं आणि एक कुंडी उचलून तडक सभागृह गाठलं.

"आज पेशंट माझी छत्री," ती म्हणाली. "काडी मोडलीय." लोक हसले. एका पानावर तिने छत्रीच्या नावाने ताईच्या पुडीतलं चूर्ण टाकलं. श्रद्धा कच्ची ठरलेल्या एका आजोबांची पुडी मागून घेतली, तीही चाखली आणि दुसऱ्या पानावर टाकली, बाबांच्या नावाने. बाबांनी त्या दिवशी प्रवचन पाच मिनिटांत आटोपलं, पण लोक हलले नाहीत.

अर्ध्या तासाने छत्रीच्या पानावरचे केस वाकले. बाबांचं पान ढिम्म.

"छत्री सुधारली, बाबा हाताबाहेर गेले," आजोबा म्हणाले.

"ताईच्या पुडीत दुधाची पावडर आहे," धाकटीने सांगितलं. "हे रोप किडे खातं. दुधात किड्यांसारखीच प्रथिनं असतात, म्हणून त्याला भक्ष्य आल्यासारखं वाटतं. आजोबांच्या पुडीत खडूची भुकटी आहे, ती त्याला नको. आणि हे दव नाही, रोपाचाच चिकट रस आहे. रोप बघायला माझ्या घरी खुशाल या. औषधाचं मात्र डॉक्टरांना विचारा."

बाबा चूर्णाच्या दोन डब्या आवरू लागले. ताई उठली, धाकटीचा हात घट्ट धरला.

"चल," ती म्हणाली. "तीन दिवस चुकलेत. आता किती घ्यायचं, ते आधी डॉक्टरांना विचारू."