बोक्याचा ओला कान

"आली परत ती कानवाली. कुत्र्याचे कान साफ करायला बाई. उद्या माझं नाक शिंकरायलाही एखादी लावून घे."

काका चपलांच्या कपाटापाशी उभे होते, म्हणजे माझ्यापासून जेमतेम वीतभर, मध्ये फक्त दार. मी बेलवर बोट ठेवून थांबले. कुणी आपल्याबद्दल कुरकुरत असलं की त्याला पुरतं कुरकुरू द्यावं, नाहीतर ते त्याच्या पोटात राहतं आणि पुढचा तासभर आपल्याला पाणीही विचारलं जात नाही. आतून काकूंचं "हळू बोला हो" ऐकू आलं. मग मी बेल दाबली.

"या, या. वाटच बघत होतो," काका म्हणाले आणि माझ्या अंगावरून जिना उतरून दुकानात गेले. त्यांचं चष्म्याचं दुकान इमारतीच्या तळालाच आहे.

मी घरोघरी जाऊन कुत्र्यांचे कान साफ करते, नखं कापते. कुठल्या शाळेत शिकले नाही, चावे खात खात शिकले. या घरी मला डॉक्टरांनी पाठवलं होतं. कुत्रा अकरा वर्षांचा, तपकिरी, लांब कानांचा, आणि नाव बोका. हे नाव त्यांच्या मुलीने ठेवलेलं. ती चौदा महिन्यांपूर्वी नऊ दिवसांच्या तापाने वारली. तेही मला डॉक्टरांनीच सांगितलं. घरात कुणी सांगितलं नाही. घरात तिचं नाव निघत नसे. 'ती असायची तेव्हा', 'ती नसल्यापासून', इतकंच. ऐकणाऱ्याला वाटावं, पोरीची कुठेतरी लांब बदली झालीय.

बोक्याचा उजवा कान सहा महिने चिघळलेला होता. मी कानात आधी नाक घालते, मग बॅटरी. शिळ्या पावासारखा आंबूस वास आला तर बुरशी. सडका वास आला तर त्याहून वाईट. बोक्याच्या कानाला दोन्ही वास होते. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं की पंधरा दिवस फक्त औषधाचे थेंब घालायचे आणि आठवड्यातून एकदा माझा हात, बाकी कुणी कानाकडे बघायचंही नाही. ओल राहिली तर आतली नळी सुजून बंद होईल. मग ती कापून काढण्यावाचून इलाज नाही, आणि त्याच्या हृदयाची अवस्था बघता भूल दिल्यावर तो उठेलच याची खात्री नाही.

ही माझी दुसरी खेप होती. मी चटईवर बसले, बोक्याची मान मांडीवर घेतली आणि कान उलटला. कान ओला होता. थेंबांची चिकट ओल नव्हे, पाण्यासारखी. आत पांढरा फेस अजून बारीक फुटत होता.

"काकू, कानाला कुणी हात लावला?"

"कुणीसुद्धा नाही." काकू दारात उभ्या होत्या. "हे सकाळपासून दुकानात, आत्ता मिनिटभर वर आले तेवढेच. मी जेवून आडवी झाले होते. उठले तर हे."

त्यांनी पदराआडून बशी पुढे केली. बशीत कापसाचे चार बोळे होते, मळकट, प्रत्येकाला टोकाशी पीळ दिलेला.

"पीळ बघा," त्या म्हणाल्या. "उलटा आहे. आपण देतो तो असा. हा असा. ती डावरी होती."

त्यांचा चेहरा एखाद्याच्या हातात फार दिवसांनी पत्र पडावं तसा झाला होता. मी बशीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"रोज होतं असं?"

"एक दिवसाआड. चारच्या सुमाराला, आज जरा आधीच. तिच्या खोलीत." आणि मग अगदी साध्या आवाजात, दूधवाल्याची वेळ सांगावी तसं, "तीच यायची ना तेव्हा ऑफिसातून. आधी कुत्रा, मग आई. मी म्हणायची, आधी हात तरी धू."

मी भुताखेतांना मानत नाही. माझ्या वाट्याला आलेली भीती मी रोज कुत्र्यांच्या दातांसमोर खर्चून टाकते, वर शिल्लक उरत नाही. पण तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले आणि बोका माझ्या मांडीवरून उठला. दुखरं डोकं एका बाजूला कलतं ठेवून तो पॅसेजमधून चालत गेला. मी मागे गेले. मुलीच्या खोलीत पलंगावर चादर ताणून घातलेली होती, खुंटीला ओढणी होती, टेबलावर केसांचा चाप, खिडकीपाशी वेताची खुर्ची. बोका खुर्चीसमोर बसला. रिकाम्या बैठकीच्या कडेवर हनुवटी टेकली, दुखरा कान वर केला आणि डोळे मिटले. कुणाची तरी वाट बघितल्यासारखा तो स्वस्थ थांबला, आणि त्याची शेपटी एकदा, दोनदा जमिनीवर आपटली.

मी सरकत सरकत भिंतीला पाठ लावली. खोटं कशाला बोलू.

"बघितलंत?" काकू कुजबुजल्या.

त्याला परत चटईवर आणायला मला बराच वेळ लागला. उजवा हात कानाकडे नेला की तो गुरगुरत होता. शेवटी मी कापूस डाव्या हातात घेतला, तेव्हा त्याने मान टाकली. आयुष्यभर एकाच डाव्या हाताची सवय. मी औषध ओतलं, कानाच्या बुडाशी चोळलं, पचपच आवाज आला तसा त्याला सोडलं. त्याने डोकं झटकलं, माझ्या चष्म्यावर शिंतोडे उडाले. वर आलेली घाण तेवढी टिपली. कुत्र्याचा कान म्हणजे आधी खाली उतरणारी आणि मग आत वळणारी गल्ली असते. वळणावर आपण जायचं नसतं.

इथे कुणीतरी गेलं होतं. बॅटरी धरून पाहिलं तर आतल्या कातडीवर ओरखडे होते, ताजे, वेडेवाकडे, काही वळणापर्यंत पोचलेले. मी त्या ओरखड्यांकडे बघत राहिले आणि माझी पाठ हळूहळू सैल झाली. त्या पोरीने दहा वर्षं हा कान सांभाळला होता, एकदाही डॉक्टरांकडे न्यावा लागला नव्हता. तिचं भूत असतं तर हात सफाईदार असता. हे काम डाव्या हाताने केलेलं होतं, पण डाव्या हाताची सवय नसलेल्या माणसाने.

जाताना काकूंनी चहा दिला. कप त्यांनी डाव्या हातात धरला होता. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींची टोकं पांढरीफटक पडली होती. जखमा धुवायचं फेसाचं पाणी हातावर सांडलं की कातडी अशीच पांढरी होते. तासाभराने जाते.

मी चहा प्यायले. चांगला झालाय म्हटलं. दुसरं काही बोलले नाही.

खाली दुकानात काका एका चष्म्याची काच फडक्याने पुसत होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी मला बघितलं, काच दिव्यासमोर धरली, पुन्हा पुसली.

"बसा," ते म्हणाले. मी बसले. "कळलं तुम्हाला."

"बोटं बघितली."

"हं." त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. चष्म्यांच्या डब्यांमागे फेसाच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि कापसाचा निळा गठ्ठा होता. "तिच्या खोलीतली बाटली अर्ध्यावर आली की मी नवी वर नेऊन ठेवतो. कापूसही."

"काका, तुम्ही?"

"मग कोण? हिला वाटतं तिथलं काही संपत नाही. संपलं असतं तर हिला दुकानात जाऊन मागावं लागलं असतं ना. दुकानदाराला सांगावं लागलं असतं कशासाठी." त्यांनी खण लावला. "ही पहिले तीन महिने जेवत नव्हती. दोन घास, की उठली. मग एक दिवस हे सुरू झालं आणि त्या संध्याकाळी हिने भांडी घासताना माझ्यावर खेकसून दाखवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू."

"काकूंना ठाऊक आहे, त्या करतायत ते?"

"मी विचारलं नाही."

"कुत्रा मरेल, काका."

ते बराच वेळ काचच पुसत होते. पुसायला काही राहिलं नव्हतं. "तुम्ही सांगा," ते म्हणाले. "तुम्ही बाहेरच्या. तुमच्यावर चिडली तर चिडली."

"माझं काम कानाचं आहे," मी म्हटलं आणि पिशवी उचलली. इतकी भ्याड मी कुठल्याही कुत्र्यासमोर कधी झाले नव्हते.

पुढच्या गुरुवारी कान बघितला. भोक शेंगदाण्याएवढं उरलं होतं. बोका माझ्या हाताशीच ओरडला, बारीक, पिल्लासारखा.

"उद्या डॉक्टर बघतील," मी काकूंना म्हटलं. "असाच असला तर शनिवारी कापायचं ठरेल. याला अजून कुणीतरी पुसतंय, काकू. आतपर्यंत पुसतंय. ओल वाळू देत नाहीये."

"ती त्याला त्रास होईल असं करायची नाही," काकू म्हणाल्या.

"ती नसेल करत."

माझ्या तोंडून तेवढंच गेलं, तेही कानाकडे बघत. पॅसेजमध्ये पावलं वाजली. काका भर दुपारी दुकान बंद करून वर आले होते. त्यांच्या एका हातात बाटली होती, दुसऱ्यात कापसाचा गठ्ठा. घरात चोर शिरावा तसे ते दारात थांबले.

"अगं," ते म्हणाले. "हे मी आणतो."

काकूंनी वर बघितलं नाही. त्या बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मला माहीत नाही होय?" त्या म्हणाल्या. "एक बाटली कुठे वर्षभर पुरते? आणि तिकडच्या कोपऱ्यावरून आणत होतात. त्या दुकानातली कागदी पिशवी मागच्या खिशात ठेवून पॅन्ट धुवायला टाकता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात? रात्री जेवताना विचारायचात, आज आली होती का. मी हो म्हटलं की पुन्हा वाढ म्हणायचात. मला वाटलं, तुम्हाला हवंय."

काका दारातच खाली बसले, उंबरठ्यावर, गुडघे वर करून, एखाद्या पोरासारखे. "मला वाटलं तुला हवंय," ते म्हणाले.

मी थेंबांची बाटली उघडून हातात धरून होते, आणि ती परत बंद करावी की नाही हेही मला सुचत नव्हतं.

"उजव्या हाताने करूच देत नव्हता," काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. आवाजात थोडी तक्रारही होती. "महिनाभर शिकले मी डाव्याने. आधी उशीवर. मग याच्यावर. पहिल्यांदा त्याने डोळे मिटून घेतले ना, तेव्हा मला वाटलं, चला, निदान एकाला तरी अजून कळलेलं नाही."

बोक्याने कान झटकायचा प्रयत्न केला आणि दुखलं म्हणून अर्ध्यातच थांबला. काकूंनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. उजव्या हातातही. तो गुरगुरला. त्यांनी हात काढला नाही.

"घाला थेंब," त्या मला म्हणाल्या.

मी चार थेंब घातले. त्यांनी कानाच्या बुडाशी हळूच, बाहेरूनच, चोळलं. मग त्याच्या चांगल्या कानाजवळ तोंड नेलं. आवाज त्याच्यासाठी होता, पण आम्हा दोघांनाही नीट ऐकू आला.

"ती मेली रे बोक्या," त्या म्हणाल्या. "आपली पोरगी मेली."