वॉकरचा रंग

मी चिडकी आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे, तुम्हालाही आधीच सांगून टाकते.

आई न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तीन महिन्यांत हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, "आता यांनी चालायलाच हवं. आणखी महिनाभर अशाच बसून राहिल्या, तर पुढे उठणं कठीण आहे." आम्ही वॉकर आणला. चार पायांचा, लोखंडी, राखाडी.

आईने त्याच्याकडे एकदाच बघितलं. "हा पेशंटचा आहे. मी हात लावणार नाही."

आता ही बाई कोण, तर टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं लाइन दुरुस्त करणारी. शिडी खांद्यावर टाकून खांबावर चढणारी, समुद्री हिरव्या स्कूटरवरून गावभर फिरणारी. आणि ती आता दिवसभर खिडकीशी खुर्चीत. उठवायला गेलं की तिचे हात थरथरायचे, आणि ते आम्हाला दिसू नयेत म्हणून ती आमच्यावर खेकसायची. घाबरली होती ती. आईला घाबरलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी नवऱ्यावर ओरडायचे.

"तुझ्या स्कूटरच्या रंगाचा करून दिला तर धरशील का?" एक दिवस मी वैतागून विचारलं.

"नीट केलास तर," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "दवाखाना कुठे दिसता कामा नये."

बास, मला तेवढंच हवं होतं. मागच्या खोलीत मी हौस म्हणून सायकलींचे सुटे भाग रंगवते. माझ्याकडे पावडर कोटिंगची स्वस्तातली छोटी बंदूक आहे. हा रंग ओला नसतो, पिठासारखा कोरडा असतो. बंदूक हवेच्या जोरावर ते पीठ उडवते आणि उडवताना त्याला विजेचा भार देते. वस्तू हुकाला टांगायची, हुकाला अर्थिंगची वायर चिमट्याने लावायची, की पीठ आपणहून जाऊन वस्तूला चिकटतं. मग भट्टीत भाजायचं. माझी भट्टी म्हणजे आमचं जुनं लोखंडी कपाट, आतून हीटर बसवलेलं. आमचे हे अजून विचारतात, "मग माझे शर्ट कुठे ठेवू?"

वॉकरचा राखाडी रंग घासून काढला, रबरं आणि मुठी उतरवल्या, रंग दिला, भाजला. लांबून झकास दिसत होता. आईच्या पुढ्यात नेऊन ठेवला. तिने मुठीकडे बघितलंसुद्धा नाही. जिथे आडवा पाइप उभ्याला जोडलाय, त्या सांध्यात बोट घातलं. तिथे पीठ पोचलंच नव्हतं, उघडं लोखंड तसंच राहिलं होतं.

"हा बघ दवाखाना," आई म्हणाली आणि मान फिरवली.

माझं डोकं असं सणकलं म्हणता! पण खोटं कशाला बोलू, तिचं बरोबर होतं.

मग मी बंदुकीच्या मागे लागले. हवेतला दमटपणा पिठाच्या गुठळ्या करतो, म्हणून हवेच्या नळीत पाणी अडवणारी गाळणी बसवली. हवेचा जोर निम्म्यावर आणला, कारण जोराची हवा कोपऱ्यातलं पीठ परत बाहेर ढकलते. बंदुकीचं गोल तोंड काढून शॅम्पूच्या बाटलीच्या झाकणाचं चपटं तोंड केलं, बारीक फट ठेवून. तीन झाकणं वाया गेली. भरलेल्या बाटलीचं झाकण द्यायला ह्यांनी नकार दिला, त्यावरून जेवताना भांडण झालं. वॉकर पुन्हा घासला, पुन्हा टांगला. पीठ उडवलं, तर थोडं चिकटलं, बाकी सगळं माझ्या चपलांवर. सांधे कोरडे ते कोरडेच. डॉक्टरांच्या महिन्यातले बावीस दिवस गेले होते.

"बंदूकच भिकार आहे!" मी ओरडले. "उघडते आणि हिचा व्होल्टेजच वाढवते!"

चौदा पावलांचा बोळ ओलांडून आईचा आवाज आला. "अर्थिंग तपासलंस का?"

"लावलंय की!"

"लावलंय का विचारलं नाही मी. तपासलंस का?"

"आई, तू बस गं गप्प!"

प्लग काढला, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि बंदुकीचे स्क्रू सोडवायला बसले. एक स्क्रू काही केल्या निघेना. त्याला शिव्या घालत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"सरक."

मी सरकले. लहानपणापासून ती सरक म्हणाली की मी सरकतेच. आईच्या एका हातात तिचा जुना मीटर होता, काट्याचा, दुसरा हात भिंतीला. तिने मीटरची एक तार टांगलेल्या वॉकरला लावली, दुसरी अर्थिंगच्या चिमट्याला. काटा हलला नाही.

"मेलीय तुझी लाइन," ती म्हणाली. "हूक बघ."

हूक छान चकचकीत होता. दर वेळी वस्तूबरोबर तोही रंगून, भाजून निघायचा. इतक्या वर्षांचे लाल, पिवळे, निळे थर. मला त्याचं कौतुकच होतं! आणि रंगातून वीज जात नाही. चिमटा रंगावर आणि वॉकरही रंगावरच लटकलेला. इतके दिवस मी बंदुकीला नावं ठेवत होते.

आईने कानस मागितली. चिमट्याची जागा आणि वॉकर टेकतो ती जागा, दोन्ही लोखंड दिसेपर्यंत खरवडल्या. पुन्हा तारा लावल्या. काटा ताडकन उडाला.

"आता उडव."

मी स्क्रू परत आवळले, प्लग लावला, घोडा दाबला.

कसं सांगू? पीठ सरळ निघालं, आणि पाइपजवळ जाऊन वळलं. खरंच वळलं. मी समोर उभी, आणि पाइपची मागची बाजू हिरवी होत चालली, जिथे मी बंदूक नेलीच नव्हती. चपटं तोंड सांध्याकडे धरलं. गवत उगवत जावं तसा हिरवा रंग त्या कोपऱ्यात भरत गेला, शेवटचा लोखंडी ठिपका मिटला. एक कण खाली पडला नाही. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं हेच काम करतेय, आणि हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

आईनेही पाहिलं नव्हतं. तिने माझा खांदा घट्ट धरला होता. "आयुष्यभर वीज तारेतून नेली," ती हळूच म्हणाली, "ती अशी हातानं रंग लावते, हे नव्हतं गं ठाऊक."

दारात आमचे हे पाण्याचा तांब्या घेऊन उभे. त्यांचं तोंड उघडंच. "आई... तुम्ही इथं कशा आलात?"

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. चौदा पावलं. वॉकर तर हुकाला टांगलेला.

आईलाही तेव्हाच कळलं. तिने मागे बोळाकडे बघितलं आणि माझा खांदा आणखी घट्ट धरला. आम्ही दोघांनी धरून तिला पिठाच्या रिकाम्या डब्यावर बसवलं. मी रडत होते आणि "उठायला कुणी सांगितलं होतं!" म्हणून ओरडतही होते. ती म्हणाली, "अर्थिंग नसलेली लाइन मला बसून ऐकवत नाही."

वॉकर भट्टीत गेला. फटीतून आम्ही तिघं बघत राहिलो. कोरडं पीठ ओलं झालं, मग त्याला तकाकी आली, आणि आत आईची स्कूटर उभी असल्याचा भास झाला. तो गार होईपर्यंत आई डब्यावरून हलली नाही. रबरं, मुठी बसवून मी तिच्यापुढे ठेवला. प्रत्येक सांध्यात तिने बोट घातलं. सगळे सांधे.

मग तिने मुठी धरल्या, उठली. हात थरथरत होते, आज तिने ते लपवले नाहीत. बोळ ओलांडला, खुर्चीपाशी पोचली, आणि खुर्ची मागे टाकून पुढच्या दाराकडे निघाली.

"अगं, कुठे चाललीस?"

"असला रंग घेऊन घरात काय फिरू?"

"आई, चपला तरी घाल!" मी चपला शोधायला वाकले. त्या घेऊन बाहेर धावले, तोवर ती फाटकाची कडी काढत होती.