उंदरांचं श्राद्ध

बाटलीतलं गुलाबी पाणी पिवळसर पडलं होतं — म्हणजे पेशी रात्रभर खाऊन वाढल्या होत्या. ऊन-जूनं बाटली उजेडाकडे धरली. आई शेवटी शेवटी दोन घास खाऊन वाटी सरकवायची. तिच्या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या या पेशींची भूक मात्र, ती जाऊन तीन वर्षं झाली तरी, भागत नव्हती...

बाटलीवर नुसता आकडा. गाठ आईनं आपणहून सही करून दिलेली, पण ती कोणाची हे देजॉन शहरातल्या या प्रयोगशाळेत फक्त ऊन-जूला आणि प्रमुख नाम सरांना ठाऊक.

विषाणू शिरला की पेशीनं बोंब ठोकायची, शेजारणींना सावध करायचं, ही शरीराची रीत. या पेशींतलं एक प्रथिन ती बोंब घशातच दाबायचं. अगदी आईसारखं — कळ आली की ती ओटा घट्ट धरून उभी राहायची, आणि विचारलं की, "काही नाही गं, पचलं नसेल." वर्षभर काही नाही, काही नाही... आणि ऊन-जू बरं म्हणून फोन ठेवायची.

दुसऱ्या बाटलीतलं पाणी गुलाबीच होतं. तिथल्या पेशींतलं ते प्रथिन तिनं काढून टाकलं होतं, आणि दोन्हीकडे विषाणूची नक्कल सोडली होती. पहिल्या बाटलीत हूं की चूं नाही; दुसरीतल्या मात्र ओरडल्या, आणि ओरडून मेल्या. गाठीनं असं मरावं, हेच तर हवं होतं. आनंद व्हायला हवा होता, पण आई पुन्हा एकदा गेली एवढंच तिला वाटत राहिलं.

दुपारी सगळे मागच्या अंगणातल्या स्मृतिशिळेपाशी जमले. प्रयोगात मेलेल्या उंदरांचं दरवर्षीचं श्राद्ध. पाटावर नासपती, तांदळाची वडी, शेजारी उंदरांचा खुराक आणि मृतांना वाहायच्या मद्याचा प्याला.

"जिवंतपणी नुसता खुराक, मेल्यावर मेजवानी," ता-गुन पुटपुटला. तो तिच्या हाताखाली काम करायचा. "आमच्या आजोबांचंही असंच झालं, ताई."

नाम सरांनी तिच्याकडे पाहिलं. "प्याला तू ओत."

तिचा हात थबकला. आईच्या श्राद्धाला दादा म्हणाला होता, "तू स्वयंपाकाचं बघ, प्याला हा मुलाचा मान, मी ओततो." ती मुकाट्यानं मासे तळत राहिली होती. आणि आज, आईच्या पेशी टोचल्यावर तिची गाठ अंगावर वाहून मेलेल्या उंदरांपुढे...

तिनं ओतला. पहिला नमस्कार केला. दुसऱ्याला कपाळ चटईला टेकलं, आणि उठवेना. चटईला उन्हाचा वास येत होता.

"ताई? काय झालं?" ता-गुन जवळ येऊन वाकला.

काही नाही — शब्द सवयीनं ओठांशी आले होते. तिनं ते तिथंच थांबवले.

"दुखतंय," ती चटईतच म्हणाली, आणि आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं.